उलटतपासणी

तिनं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते बुटांपासून वर.

दुसरा इलाजच नव्हता. वर्तमानपत्राच्या कचेरीतली जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध अडकली होती, आत ती एकटी होती, आणि तिसऱ्या मजल्याची फरशी नेमकी तिच्या डोळ्यांच्या रेषेत आली होती. त्या फरशीवर दोन बूट येऊन थांबले. काळे, जाड तळव्यांचे, एकाची नाडी तुटल्यावर गाठ मारलेली.

"आत कोणी आहे का?" बुटांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "लिफ्टच बोलतेय."

वर कोणीतरी हसलं. मग दोन गुडघे फरशीला टेकले, मग ग्रीस लागलेला हात, आणि शेवटी जाळीशी वाकलेला एक चेहरा आला. सावळा, दाढी दोन दिवसांची, डोळे मात्र आत्ताच धुतल्यासारखे.

"घाबरू नका हं मॅडम. जोडीदार वरच्या खोलीत गेलाय. चाक हातानं फिरवून खाली घेऊ. पण आधी ब्रेक थंड व्हायला पाहिजे. वीसेक मिनिटं."

"मी कुठे घाबरलेय?"

"मग पिशवी एवढी का आवळलीय?"

तिनं पाहिलं. खरंच, पिशवी तिनं छातीशी घट्ट धरली होती. पण ती भीतीनं नव्हे. पिशवीत पुढच्या रविवारचं शब्दकोडं होतं, आणि ते कोणाच्या नजरेला पडता कामा नये, ही तिची दोन वर्षांची सवय होती.

"तोवर तुम्ही काय करणार?" तिनं विचारलं.

"इथेच बसणार. माणूस अडकला की त्याच्याशी बोलत राहायचं, असं शिकवलंय आम्हाला."

"काय बोलायचं तेही शिकवलंय?"

"नाही... ते ज्याचं त्यानं बघायचं."

त्यानं मागच्या खिशातून घडी घातलेली रविवारची पुरवणी काढली. कानावरची पेन्सिल काढली. आणि त्यानं उघडलेलं पान कोड्याचं होतं.

"हे सोडवू या? दर रविवारी सोडवतो मी. 'कोष्टी' नावाचा कोणीतरी करतो. आज नाव दिलंय 'उलटतपासणी'. म्हणजे उत्तराचा शब्द उलटा वाचला की दुसराच शब्द निघतो. हे बघा, आडवा चार. 'नदी उलटी वाहिली आणि कंगाल झाली.' दोन अक्षरं."

"दीन," ती म्हणून गेली आणि जीभ चावली.

"अरे! तुम्ही तर तयार आहात. बरं, हा तुम्ही बोलायचा नाही. 'सभा उलटली, उरला तो फक्त...' थांबा, थांबा. सभा... भास!" त्यानं अक्षरं घरांत बसवली. नीट, पाटीवर काढावीत तशी. "उभा सात. 'खरा उलटला, हाती काय आलं?' ख, रा... राख." त्यानं तेही बसवलं. "हा कोष्टी ना, हसवता हसवता मध्येच चिमटा काढतो."

जाळीच्या आत ती भिंतीला टेकून उभी होती. दोन वर्षं ती कोडी करत होती, पण ती सोडवणारा माणूस तिनं कधी पाहिला नव्हता. आपण कोणासाठी तरी बांधलेली पुडी तो आपल्यासमोर उलगडतो आहे, दोरा न तोडता गाठ सोडवतो आहे... तिला अंगभर गुदगुल्या झाल्या.

"हे चुकलंय मात्र," तो म्हणाला.

"काय चुकलंय?"

"आडवा अकरा. 'गळ्यात पडतो, उलटला की म्हणतो, जाऊ नका.' उत्तर 'हार' पाहिजे त्याला. उलट केलं की 'रहा'. पण शब्द आहे 'राहा'. र ला काना. तो उलटा केला की होतो 'हारा'. हारा म्हणजे टोपलं. गळ्यात टोपलं घालायचं का?"

"बोलताना सगळे 'रहा'च म्हणतात," ती जरा तडकून म्हणाली.

"बोलताना. पण पेपर बोलतो की लिहितो?"

"अहो, एवढं काय काना धरून बसायचं?"

"तुम्हाला का राग येतोय? तुम्ही थोडंच केलंय?"

तेवढ्यात वरून आरोळी आली, लिफ्ट एकदा कण्हली आणि हळूहळू खाली सरकू लागली. त्याचा चेहरा, मग गुडघे, मग ती नाडीची गाठ, सगळं वर वर जात नाहीसं झालं. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा तो जिना धावत उतरून दारात हजर होता.

"रागावू नका," तो धापा टाकत म्हणाला. "राहिलेली चार उत्तरं पुढच्या रविवारी सांगा."

*

तिची नोकरी होती तळमजल्यावरच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीत. हरवले-सापडले, खोली भाड्याने, आणि रविवारी सकाळी मुख्यतः निधनवार्ता. रडवेल्या माणसांच्या लांबलचक मजकुरातून नेमके शब्द काढून देणं तिला छान जमायचं. ते तिला वडिलांकडून आलं होतं.

कोष्टी म्हणजे तिचे वडील. चोवीस वर्षं त्यांनी दर रविवारी कोडं दिलं. हात थरथरू लागला तशी ती चौकटी आखू लागली, मग शब्द सुचवू लागली, मग सगळंच करू लागली. ते गेले तेव्हा त्यांची निधनवार्ता तिनंच, तिच्याच खिडकीत बसून लिहिली आणि त्यातून एकच शब्द गाळला. कारण पुरवणीच्या साहेबांनी तिला आदल्या दिवशी बोलावून सांगितलं होतं, "कोष्टी गेला असं छापायचं नाही. लोकांचा रविवार जाईल. तू कर. पण तुझ्याशिवाय, माझ्याशिवाय आणि मुद्रितं तपासणाऱ्याशिवाय हे चौथ्याला कळायला नको." तिला ते आवडलंही होतं. वडील दर रविवारी छापून येत होते, तोवर पुरते गेले नव्हते.

लिफ्टची तपासणी महिन्यातून एकदा असे. आता ती दर रविवारी होऊ लागली. दारावरचा रखवालदार म्हणायचा, "मिस्त्री, या लिफ्टला रविवारचाच ताप कसा येतो हो?" तो म्हणायचा, "जुनाट दुखणं आहे, जपावं लागतं." आणि लिफ्टकडे न बघताच सरळ उपाहारगृहात खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसायचा. दोन चहा सांगायचा. तिची दहा मिनिटांची सुट्टी हळूहळू अर्ध्या तासाची झाली.

"या जाहिरातबाई," तो म्हणायचा. "आज कोण कोण गेलं?"

"आज सगळे जिवंत आहेत. तुझी लिफ्ट सोडून."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही आठवत नव्हतं. तो चुकलेलं अक्षर करंगळीनं पुसायचा, त्यामुळे त्याची करंगळी नेहमी शिशाच्या रंगाची. हात साबणानं घासून घासून आणायचा, तरी नखांच्या कडेला काळी रेघ उरायचीच. ती तिच्या लक्षात आली की मूठ मिटायचा. दहावीनंतर त्याची शाळा सुटली होती. घरी एक शब्दकोश होता, जुन्या बाजारातला, त्याची 'क'पर्यंतची पानं गहाळ. "म्हणून 'अ'नं सुरू होणारं काही आलं की मी ढ," तो म्हणायचा. "'ख'पासून पुढे मला कोणी हात लावून दाखवा."

एकदा एका शब्दापाशी तो फार वेळ अडला. बाहेर पाऊस भुरभुरत होता, काचेवरून एकेक थेंब वाट काढत उतरत होता, आणि ती तिकडे बघत बसली होती. खरं म्हणजे तो शब्द तिच्या जिभेवर येऊन टोचत होता. तिनंच तर तो तिथे ठेवला होता.

"तुलाही नाही येत ना?" त्यानं विचारलं.

"...नाही."

"चला. दोघंही बुडालो." तो अगदी समाधानानं हसला. आणि तिनं नकळत, अगदी नकळत, चहाचा कप उचलून उलटा बशीवर ठेवला. त्याची नजर कपावर गेली. थांबली. "उपडा!" तो ओरडला. "उपडा आहे ते!"

तिनं टाळ्या वाजवल्या. घरी जाताना मात्र स्वतःलाच विचारत राहिली, हे आपण काय केलं?

सांगायचं तिनं एकदा खरंच ठरवलं होतं. त्या दिवशी तो कोष्टीचंच चित्र रंगवत होता. "म्हातारा असणार बघ. बायकोला पुस्तकातलं काहीतरी वाचून दाखवणारा. दुपारची झोप येत नसणार. आणि मुलगी असणार एक, तिच्यावर फार जीव. कारण मुलींबद्दल काही आलं ना, की त्याचा चिमटा हळू होतो."

तिचे डोळे भरून आले. त्यानं न पाहिलेला माणूस त्यानं जसाच्या तसा टेबलावर आणून बसवला होता.

"तुला सांगायचंय मला एक... कोष्टीबद्दल."

"नको!" त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले. "तुम्ही एकाच इमारतीतले, तुला माहीत असणारच. पण मला नको सांगू. कळलं की मजा जाते."

तिनं ते लगेच मान्य केलं. फारच लगेच. पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला हेच सांगत राहिली की मी सांगणार होते, त्यानंच अडवलं.

*

वर्षातून एकदा पूर्ण पानाचं मोठं कोडं यायचं. पहिलं बक्षीस, शब्दकोशाचे सगळे खंड आणि पेपरात फोटो. त्या वर्षी तिनं त्याला नाव दिलं 'पोटशब्द': प्रत्येक उत्तराच्या पोटात आणखी एक शब्द दडलेला. सहवासाच्या पोटात हवा, विश्वासाच्या पोटात श्वास. इतकं अवघड कोडं तिनं कधी केलं नव्हतं. आता ती लिहायला बसली की समोर एकच वाचक बसलेला असायचा, आणि त्याला सहज सुटेल असं काही देणं तिला अपमान वाटायचा.

तळाशी नियम होता: आमचे कर्मचारी, त्यांचे नातेवाईक व निकटवर्तीय यांना भाग घेता येणार नाही.

कोडं छापून येण्याच्या आदल्या रविवारी ती त्याला म्हणाली, "स्पर्धेच्या फंदात पडू नकोस हं. फार डोकं खातं ते. आपलं साधं बरं."

"मला जमणार नाही म्हणतेस?"

"तसं नाही रे..."

"मग कसं?"

ती कप आवरू लागली. त्याचा चेहरा थोडा उतरला, मग त्यानं विषय बदलला. पुढच्या रविवारी ताप आल्याचं सांगून ती घरीच बसली. आपला एक श्वाससुद्धा त्या पानावर पडायला नको, म्हणून. त्यानं पान पाठवलं की नाही, हे तिनं नंतरही विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी, सकाळी घरी पेपर उघडला तर पुरवणीच्या पहिल्या पानावर तो. इस्त्रीचा शर्ट, जरा ताठलेली मान. 'साडेआठशे प्रवेशिकांपैकी एकमेव अचूक'. तिला इतका आनंद झाला की तिनं आईला हाक मारली. आणि आई हात पुसत येईपर्यंत तिला तळाचा तो नियम आठवला.

खिडकीसमोर त्या दिवशी रांग होती. तो रांगेत उभा राहूनच आला, पुरवणी तिच्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "आता बोल."

"छान... फार छान आलाय फोटो." मागे एक बाई डोळ्यांना पदर लावून उभी होती. "मला तुझ्याशी बोलायचंय. आज. थोडं थांबतोस?"

"आज आई नातेवाइकांकडे मिरवायला घेऊन चाललीय, सुटका नाही. उद्या बारा वाजता तुमच्या साहेबांनी बोलावलंय, मुलाखत घेणारेत म्हणे. ती झाली की खाली भेट. मलापण एक विचारायचंय." आणि वाकून हळूच म्हणाला, "नाही म्हणायचं असलं तर आजच तयारी करून ठेव."

*

दुसऱ्या दिवशी बाराला पाच कमी असताना साहेबांचा निरोप आला, वर ये. ती वर गेली तेव्हा खोलीत मुद्रितं तपासणारे काका भिंतीशी बसले होते. कचेरीत त्यांना सगळे 'कानामात्रा' म्हणत, कारण त्यांच्या नजरेतून एकही सुटत नसे. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते उपाहारगृहात रोज कोपऱ्यातल्या टेबलाशी जेवायचे, हे तिला त्याच क्षणी आठवलं.

तो साहेबांसमोर खुर्चीच्या कडेला बसला होता. नवा शर्ट, आकाशी रंगाचा, घडीच्या रेघा अजून तशाच. तिला बघून चकित झाला, मग खुशीत हसला. त्याला वाटलं, तिला मुलाखत ऐकायला बोलावलंय.

"हं," साहेब म्हणाले. "तर उभा तेवीस. 'मोजून आठ जखमांच्या खुणा. दिसत मात्र एकही नाही.' चार अक्षरं. हे साडेआठशेत फक्त तुम्हाला आलं. कसं आलं ते सांगा."

"दोन दिवस खाल्ले त्यानं साहेब." तो सरसावून बसला. "जेवताना तेच, कामावर तेच. मग तिसऱ्या दिवशी एका इमारतीत लिफ्टच्या दोराला तेल देत होतो. बाही वर सारलेली. आमच्या हातावर तारेचे ओरखडे असतातच, जुने, पांढरे पडलेले. आई त्यांना वण म्हणते. वण... आणि आठ. आठवण! तिथेच बसकण मारली मी. मग माझे वण मोजले." तो हसला. "सात निघाले. एक कमीच पडला."

कोणी हसलं नाही. ती तर त्याच्या हाताकडेच बघत होती. ते कोडं त्यानं एकट्यानं, स्वतःच्या कातडीवर वाचून सोडवलं होतं. तिला ते सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं.

"आणि या बाई," साहेबांनी पेनानं तिच्याकडे दाखवलं, "तुमच्या कोण?"

तो लाजला. खरोखर लाजला. "अजून... कोणी नाही साहेब."

"दर रविवारी बरोबर बसता, कोडं सोडवता. खरं ना?"

"हो. त्यात काय झालं? मी लिफ्ट कंपनीचा माणूस, तुमचा नोकर नाही. नियम वाचूनच पाठवलं मी. निकटवर्तीय म्हणाल तर..." तो थांबला. साहेबांच्या चेहऱ्याकडे, मग कानामात्रा काकांकडे, मग तिच्याकडे त्याची नजर गेली. "काय झालंय?"

"यांनीच कोडं केलंय," साहेब म्हणाले. "दोन वर्षं याच करतायत. या कोष्टी."

"मी एकही उत्तर सांगितलेलं नाही," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "साहेब, तुम्ही आत्ता ऐकलंत ना? असं कोणी सांगून येतं का? त्या आठवड्यात तर मी त्याला भेटलेसुद्धा नाही!"

"माझा विश्वास आहे," साहेब थकल्यासारखे म्हणाले. "पण मला लोकांना उत्तर द्यायचंय. उद्या कोणी बोललं, तर पेपरची अब्रू जाईल."

तो उठला. खुर्ची नीट टेबलाखाली सारली. तिच्याजवळून जाताना त्याची पावलं क्षणभर अडखळली. तिला वाटलं, बोलेल. लिफ्ट त्याच मजल्यावर उभी होती, दार उघडं. तो जिन्यानं उतरून गेला.

पुढच्या रविवारी आतल्या पानावर चौकट आली. 'नियमभंग झाल्याने प्रथम क्रमांकाचा निकाल रद्द करण्यात येत आहे.' त्या 'नियमभंग' शब्दासाठी ती साहेबांशी तासभर भांडली होती. चूक माझी आहे असं छापा, माझं नाव छापा, त्यानं स्वतः सोडवलं असं छापा. साहेब म्हणाले, "आणि कोष्टी दोन वर्षांपूर्वीच गेला, हेही छापू का? तुझ्या वडिलांचं नाव चौकशीत ओढायचंय तुला?" ती रडली. मग तिनं टेबलावरचा एक कोरा कागद ओढला, यापुढे माझ्याकडून कोडं मिळणार नाही असं दोन ओळींत लिहिलं, आणि खाली पहिल्यांदाच स्वतःचं नाव लिहून सही केली.

इमारतीच्या लिफ्टला आता दुसरा मिस्त्री येऊ लागला. त्याच्याकडूनच तिला कळलं की कामावर जुन्या मिस्त्रीला सगळे 'कॉपीमास्टर' म्हणतात, आणि तो उलटून काही बोलत नाही.

*

त्याच्या घरी जायला तिला पाच आठवडे लागले. रोज निघायची, रोज परत फिरायची. शेवटी एका दुपारी गेली. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या; दार त्याच्या आईनं उघडलं. ठेंगणी बाई, शाळेत शिपाई म्हणून आयुष्य काढलेली, अजूनही दार उघडताना बाजूला सरून उभी राहणारी.

"पेपरातून आलेय," ती म्हणाली.

आईचा चेहरा आक्रसला. तो आतून आला, कामाच्या कपड्यांत. "आई, तू पाणी दे त्यांना. आम्ही बाहेर उभे राहतो."

सज्जात वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड ते उभे राहिले. तो वाळला होता.

"मी एक अक्षरही सांगितलं नव्हतं तुला," तिनं एका दमात म्हटलं. "त्या कोड्यात एकसुद्धा नाही."

"त्या कोड्यात नाही. आणि बाकीच्यांत?"

तिला तो उलटा ठेवलेला कप दिसला.

"बघ," तो शांतपणे म्हणाला. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "मी अडायचो, तेव्हा तू खिडकीबाहेर बघायचीस. मला वाटायचं, हीपण अडलीय. मला सोबत वाटायची गं. शाळेत मी अडलो की सगळे पुढे गेलेले असायचे. पहिल्यांदाच कोणीतरी माझ्याबरोबर अडलं होतं... आणि तू अडलीच नव्हतीस. एकदाही."

"मला तू हवा होतास. सांगितलं असतं तर तू पुन्हा आला नसतास, असं वाटलं मला."

"आलो असतो. कान्याचा वाद घालायला दर रविवारी आलो असतो."

कोणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. तिनं ओले डोळे मनगटानं पुसले.

"मला तू नुसता आवडत नाहीस," ती म्हणाली. "मी... तुला कळतंय ना, मी काय म्हणतेय?"

"कळतंय. त्या दिवशी मी तेच विचारायला आलो होतो. तो नवा शर्ट मुलाखतीसाठी नव्हता." तो कठड्याचा रंग नखानं खरवडत राहिला. "आता तू समोर बसलीस ना, तर काहीही बोलताना मला वाटेल, हिला पुढचं माहीत आहे आणि ही माझ्यासाठी थांबलीय. असं नाही जगता येत."

"मी पुन्हा कधी..."

"तू नाही करणार. माहीत आहे मला. पण मला वाटायचं थांबणार नाही." त्यानं घड्याळात पाहिलं. "मला ड्यूटीवर जायचंय. आईला काही सांगू नकोस. तिला एवढंच माहीत आहे की पेपरवाल्यांची काहीतरी गफलत झाली."

तो आत जाऊन पिशवी घेऊन आला आणि तिच्या बाजूनं, अंग चोरून, निघून गेला. त्याच्या अंगाला तोच साबण आणि ग्रीस यांचा वास होता. ती तो गेल्यावरही तिथेच उभी होती.

"पाणी घ्या," मागून आई म्हणाली. तिनं पेला घेतला. आई दारात टेकली. बोलायचं होतं बाईला, कोणाशी तरी. "तुम्ही पेपरातल्या, म्हणून सांगते. माझा मुलगा बघून लिहिणारा नाही हो. दोन दिवस त्याचं ताटावर लक्ष नव्हतं. मी रागावले, तर म्हणाला, आई, एवढं एक मला एकट्याला करू दे, तिला दाखवायचंय. कोण ती ते काही बोलला नाही. तुमच्या कचेरीतलीच असावी. ओळखता का तुम्ही तिला?"

"ओळखते काकू."

"मग तिला सांगाल? बाकी जग गेलं उडत. पण तिनं तरी म्हणावं की यानं स्वतः केलंय."

"तिला माहीत आहे. तिला अगदी पहिल्यापासून माहीत आहे."

"असं?" आईनं भुवया उंचावल्या. "मग इतक्या दिवसांत एकदा येऊन का नाही सांगितलं तिनं?"

तिनं अर्धवट राहिलेला पेला खाली घेतला.

"आली होती काकू," ती म्हणाली. "उशिरा आली."

आई तिच्याकडे बघत राहिली. खालून फाटकाच्या कडीचा आवाज आला. मग त्या बाईनं तिच्या हातातून पेला काढून घेतला, उरलेलं पाणी सज्जातल्या कुंडीत ओतलं आणि दार ओढून घेता घेता म्हणाली,

"सावकाश उतर, बाळ. जिन्यात उजेड नाही."